आखाती नोकरी आणि अंगातले दुखणे : पैसे भरण्याआधी काय पाहावे

शिरूरच्या बाजारात माझे कापडाचे दुकान आहे आणि थोरली बहीण दौंडला दिलेली आहे. त्यामुळे दोन्ही गावांतून परदेशी नोकरीला निघालेली बरीच मुले माझ्या ओळखीची असतात. जाण्याआधी ती दुकानात येतात, दोन पँटपीस आणि एक चादर नेतात. दोन वर्षांनी परत आली की घरच्या बायकांसाठी कापड नेतात. पण अधूनमधून असेही होते की चादर नेलेला माणूस महिन्याभरातच पुन्हा दिसतो आणि विचारल्यावर मान खाली घालून सांगतो, "चाचा, मेडिकलला अनफिट निघालो."

दौंडचा एक शिलाई कारागीर असाच परत आला. वय चौतीस, हात इतका साफ की त्याने शिवलेली पँट उलटी घातली तरी चालावी. त्याला पाच वर्षांपासून मधुमेह, पण गोळी आठवली तर घ्यायची असा कारभार. सौदीत शिलाईचे काम देतो म्हणणाऱ्या एजंटाला त्याने ऐंशी हजार रुपये दिले. त्यासाठी जुकी मशीन विकले, बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या. मुंबईला तपासणी झाली, साखर फार वर निघाली आणि कागदावर अनफिटचा शिक्का पडला. एजंट म्हणाला, पैसे पुढे गेले. जी गोष्ट दौंडच्या कुठल्याही लॅबमध्ये दोन-तीनशे रुपयांत कळली असती, ती कळायला त्याचे मशीन गेले. आज तो दुसऱ्याच्या दुकानात नगावर काम करतो.

आपण कापडवाले तागा घेताना तो उजेडात उलगडतो. डाग, तुटका धागा, रंगाचा फरक आधी बघतो आणि मग भाव बोलतो. हाच माणूस स्वतःच्या अंगाचा सौदा मात्र घडी न मोडता करतो. मी हे दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः तेच केले आहे.

१९९३ साली मी तेवीस वर्षांचा होतो. शाळा उर्दू माध्यमाची, अरबी अक्षर वाचता येई, म्हणून सौदीत आपले चांगले चालेल असा माझा समज होता. वडिलांनी उधारी करून एजंटाचे पैसे भरले. मुंबईला छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टरने फोटो उजेडासमोर धरला आणि विचारले, "लहानपणी टीबी झाला होता का?" झाला होता. चौदाव्या वर्षी. वर्षभर इंजेक्शने आणि गोळ्या घेऊन मी पूर्ण बरा झालो होतो, त्यानंतर साधा खोकलाही टिकला नव्हता. पण फुप्फुसावर वण राहिला होता आणि तो वण मला माहीत नव्हता. वडिलांची उधारी फेडायला चार वर्षे लागली. ती फेडण्यासाठी मी एका कापड दुकानात गादीवर बसलो आणि तेथेच हा धंदा शिकलो.

हा नियम अजूनही तसाच कडक आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. आखाती सहकार परिषदेच्या देशांसाठी जी तपासणी होते, तिला आपल्याकडे लोक अजून 'गामका' म्हणतात. आता तिचे काम 'वाफिद' या नावाने चालते. ऑनलाइन नाव नोंदवून चिठ्ठी घ्यावी लागते आणि मान्यताप्राप्त केंद्रातच तपासणी होते, बाहेरचा अहवाल चालत नाही. या तपासणीत आजारांचे दोन गट पडतात असे समजा.

पहिल्या गटात चालू क्षयरोग, क्षयरोगाची जुनी खूण, कावीळ ब आणि क, एचआयव्ही आणि कुष्ठरोग. यांपैकी काही निघाले तर दार बंद. तुम्ही आज ठणठणीत आहात, दहा तास उभे राहून काम करता, याला तेथे किंमत नाही. जुन्या वणाबद्दल हे अन्यायाचे आहे असे माझे मत आहे, पण नियम आपल्या मताने बदलत नाही. संयुक्त अरब अमिरातीत २०१६ मध्ये एवढी ढिलाई झाली की आधीपासून तेथे राहणाऱ्याला व्हिसा नूतनीकरणाच्या वेळी क्षयरोग आढळला, तर उपचाराच्या अटीवर वर्षाचा परवाना देता येतो. नव्याने जाणाऱ्याने त्या भरवशावर राहू नये.

दुसऱ्या गटात मधुमेह आणि रक्तदाब. येथे नियमाचा शब्द 'आटोक्याबाहेर' असा आहे. मधुमेह आहे म्हणून माणूस नापास होत नाही, तो आटोक्यात नाही म्हणून होतो. मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होणे, हृदय कमजोर होणे, कॅन्सर, गंभीर मानसिक आजार हे मात्र अपात्रतेतच धरले जातात. म्हणजे आमच्या शिलाई कारागिराने तीन-चार महिने औषध आणि पथ्य नीट पाळले असते, तर त्याचा कागद वेगळा आला असता अशी पुरेशी शक्यता होती. तपासणीच्या आदल्या रात्री उपाशी राहून किंवा कारल्याचा रस पिऊन हे साधत नाही. एचबीए१सी नावाची चाचणी असते, ती मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. ती आपल्या गावात करून घ्या. आपण कोठे उभे आहोत ते तिच्यावरून कळते.

काही एजंट 'सेटिंग' सुचवतात. दुसऱ्याचे रक्त देऊ, दुसऱ्याचा एक्स-रे लावू. बंधूंनो, सौदीत इकामा काढताना तपासणी पुन्हा होते. अमिरातीतही राहण्याचा परवाना मिळण्याआधी रक्त आणि छातीचा फोटो तेथेच घेतात. येथे पास होऊन तेथे पकडला गेलेला माणूस परतीच्या विमानात बसतो. त्याचे आधीचे पैसे जातात आणि पुढचे दारही बंद होते.

दौंडच्या वाचकांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल. १८७८ साली मनमाडचा मार्ग सुरू झाला तेव्हापासून दौंड हे रेल्वेचे गाव. तेथे घरोघरी रेल्वेचे मेडिकल माहीत आहे. इंजिन ड्रायव्हरची नजर कमी झाली किंवा दुखणे निघाले, तर त्याला इंजिनावरून उतरवतात आणि दुसरे काम देतात. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने आणि त्यानंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकराला हे संरक्षण दिले आहे. त्यामुळे दौंडच्या पोराच्या मनात नकळत असा समज असतो की आजार निघाला तर साहेब दुसऱ्या खात्यात टाकील. आखातात व्हिसा मालकाच्या नावावर असतो. काम थांबले की राहण्याचा हक्कही थांबतो. तेथे दुसरे खाते नसते.

भाच्याची गोष्ट

बहिणीचा धाकटा मुलगा आयटीआय करून एसी डक्टिंगच्या कामाला लागला. वय एकोणतीस. एकोणिसाव्या वर्षापासून त्याला रोज इन्शुलिन टोचावे लागते. कुरकुंभला त्याने पाच वर्षे ठेकेदाराकडे काम केले आणि मग अमिरातीत जायचे ठरवले. एजंटाने त्याला सांगितले, "तिकडे तपासणीत साखर बघतच नाहीत. तू बोलतोस कशाला?"

यात अर्धे खरे होते. अमिरातीची तपासणी मुख्यतः संसर्गाच्या रोगांसाठी असते. पण तपासणी वेगळी आणि आरोग्य विमा वेगळा, हे त्या एजंटाला ठाऊक नव्हते किंवा सांगायचे नव्हते. विम्याच्या अर्जात जुने आजार विचारलेले असतात. तेथे 'नाही' लिहिले आणि चार महिन्यांनी साखरेमुळे दवाखान्यात पडलो, तर कंपनी बिल नाकारू शकते. परदेशातले दवाखान्याचे बिल म्हणजे दोन वर्षांची कमाई.

बहीण मला म्हणाली, "भाईजान, तूच ठरव." मी म्हटले, सांगूनच जाऊ दे. भाच्याने पहिल्या कंपनीला फोनवर सरळ सांगितले. कंपनीने नकार दिला. दोन महिने घरात माझ्याशी कोणी धड बोलले नाही. खरे बोलण्याची किंमत शून्य असते असे मी येथे लिहिणार नाही.

नंतर दोन जागा एकदम आल्या. दुबईत १,६०० दिरहम पगार, शारजात १,४००. मी कागद घेऊन हिशेबाला बसलो. दुबईत २०१३ च्या कायद्याने मालकाला कामगाराचा विमा काढावा लागतो, पण साध्या योजनेत पहिल्यांदा येणाऱ्याच्या जुन्या आजाराला पहिले सहा महिने वगळता येते. शारजासह उत्तरेकडच्या अमिरातींत १ जानेवारी २०२५ पासून खासगी मालकाला विमा सक्तीचा झाला. तेथील मूळ योजना वर्षाला ३२० दिरहमची आहे आणि तिच्यात जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत ठेवलेली नाही. सहा महिने औषध खिशातून घ्यायचे, महिन्याला ३०० दिरहम धरले तर १,८०० झाले. पगारातला फरक दोन वर्षांत ४,८०० होतो. म्हणजे दुबईत ३,००० दिरहम जास्त पडतात. मी म्हटले, दुबई.

बहिणीने एकच प्रश्न विचारला, "काम कुठे उभं राहून करायचंय?"

दुबईचे काम इमारतींच्या गच्चीवर होते. शारजाचे काम पत्र्याच्या शेडमध्ये, डक्ट कापण्या-जोडण्याचे, आणि शेडमध्ये कामगारांसाठी फ्रिज होता. माझ्या हिशेबात हा रकाना नव्हता. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातल्या कामाला बंदी असते, सौदीत याच काळात बारा ते तीन. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते साडेतीन. पण बंदीच्या बाहेरचे तासही भट्टीसारखेच. घाम जातो, पाणी कमी पडते, जेवण उशिरा होते आणि इन्शुलिन घेणाऱ्याची साखर अचानक खाली उतरते. अंग थरथरते, घाम फुटतो, डोके चालेनासे होते. गच्चीच्या कडेला उभ्या माणसाला हे झाले तर काय, याचा हिशेब दिरहममध्ये होत नाही. मूत्रपिंडाचे तसेच. आखातातून परतलेल्या नेपाळी कामगारांत तरुण वयात मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण तेथील डॉक्टरांना मोठ्या संख्येने दिसले आहेत. ज्याला आधीच रक्तदाब किंवा मधुमेह आहे आणि जो अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या मुठीने खातो, त्याने हे लक्षात ठेवावे.

भाचा शारजाला गेला.

बॅगेत काय आणि काय नाही

इन्शुलिन हातातल्या बॅगेत ठेवावे. विमानाच्या पोटात सामानाबरोबर टाकले तर ते गोठू शकते आणि गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर जसेच्या तसे दिसले तरी कामाचे राहत नाही. उघडलेली कुपी किंवा पेन तीसेक अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. पत्र्याच्या खोलीत किंवा उभ्या गाडीत ते तापमान सकाळी नऊलाच ओलांडते. रूममधल्या निदान एका माणसाला आपला आजार सांगून ठेवावा आणि साखर कुठे ठेवली आहे ते दाखवावे. भाच्याच्या खिशात साखरेच्या पुड्या असतात. बहिणीने दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळाचा गूळ दिला होता, पण उन्हात तो खिशातच पाघळला.

डॉक्टरांचे पत्र इंग्रजीत, सही-शिक्क्याचे घ्यावे. त्यात औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, नुसते कंपनीचे नाव नको. आपल्याकडे ग्लायकोमेट म्हणतात ती गोळी तिकडे ग्लुकोफेज नावाने मिळते, मूळ औषध मेटफॉर्मिन. शिरूरच्या मेडिकलवाल्याने दिलेले रिकामे पाकीट शारजाच्या दुकानात दाखवून काही कळत नाही.

आता एहतियातीची गोष्ट. ट्रामाडॉलसारख्या वेदनेच्या गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडतात. तेथील आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी आधी घेतल्याशिवाय नेली, तर विमानतळावरून थेट कोठडी. आपल्याकडे डॉक्टरने लिहून दिली होती हे कारण पुरत नाही. खसखसही तेथे बंद आहे. आपल्या काळ्या मसाल्यात बऱ्याच घरी खसखस असते, म्हणून मसाल्याचा डबा बांधताना घरात विचारा. आणि दुसऱ्याने दिलेले औषधाचे पाकीट, मग तो सख्खा शेजारी का असेना, आपल्या बॅगेत घेऊ नये.

रमजानचा विषयही येथेच. आजाऱ्याला सवलत आहे हे सर्वांना ठाऊक आहे, तरी परक्या मुलखात लाजेने रोजा धरणारे आणि इन्शुलिन मनाने कमी-जास्त करणारे मी पाहिले आहेत. जाण्याआधी डॉक्टरांशी यावर बोलून घ्यावे.

एजंट, पावती आणि विमा

१९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्याकडे केंद्र सरकारचा परवाना असावा लागतो. त्याचा क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. परवानाधारकाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेता येते, म्हणजे १८ टक्क्यांनी ३५,४०० रुपये, आणि त्याची पावती द्यावी लागते. आमच्या कारागिराने ऐंशी हजार दिले, तेही पावतीशिवाय. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. तक्रार तेथे जाते, पण हातात कागद नसेल तर तक्रार कशावर उभी करणार?

दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट ईसीआर प्रकारचा असतो आणि आखातासह अठरा देशांत नोकरीला जाताना त्यांना मंजुरी घ्यावी लागते. त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख रुपये मिळतात. यातले एक कलम आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असते. विमा घेतल्यापासून पहिल्या बारा महिन्यांत कामगार आजारी पडून कामाला अपात्र ठरला आणि परदेशी मालकाने करार तोडला, तर परतीच्या एका बाजूच्या विमान तिकिटाचा खर्च मिळतो. मात्र परत आल्यापासून नव्वद दिवसांत विमा कंपनीला कळवावे लागते. जुन्या दुखण्याच्या अटी पॉलिसीत वाचून घ्याव्यात. भाचा दहावी पास, त्याला ही सक्ती नव्हती.

व्हिजिट व्हिसावर जाऊन तिकडे काम शोधू म्हणणाऱ्या आजारी माणसाने तर तो विचारच सोडावा. तेथे मालक नाही, म्हणून मालकाचा विमाही नाही.

शिकलेल्या मुलांसाठी दोन ओळी. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्य विम्यात नोकरदाराला जुन्या आजारासाठी नाकारता येत नाही. तेथे आधी भाषा शिकावी लागते, ती मेहनत आहे. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहण्यासाठी आपल्याकडून जाणाऱ्याला क्षयरोगाचा दाखला लागतो, शिवाय व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे. ज्याला आखातात जुना वण आडवा येतो, त्याने नकाशातले इतर देशही एकदा बघावेत, एवढ्यासाठी हे लिहिले.

पैसे भरण्याआधी आपल्याच गावात काय तपासावे, हे मला दुकानात नेहमी विचारतात. छातीचा एक्स-रे, रक्तदाब, उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची साखर, लघवी, क्रिएटिनिन, यकृताची चाचणी, कावीळ ब आणि क. एचआयव्हीची चाचणी सरकारी रुग्णालयातल्या केंद्रात मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. एक्स-रेवर काही दिसले तर तो छातीच्या डॉक्टरला दाखवा. १९९३ साली मला हे कोणी सांगितले असते तर वडिलांची चार वर्षे वाचली असती.

तो शिलाई कारागीर गेल्या महिन्यात दुकानात आला होता. खिशातून त्याने लॅबचा कागद काढला. तीन महिन्यांची सरासरी दहाच्या वरून साडेसातवर आली होती. आता रोज गोळी घेतो, सकाळी भीमेच्या पुलापर्यंत चालून येतो. पुन्हा सौदीचे बघतोय म्हणाला. मी विचारले, बांगड्या सोडवल्या का? तो हसला. नव्या एजंटाचे कार्ड त्याने माझ्यापुढे ठेवले, त्यावर परवान्याचा क्रमांक छापलेला होता. माझ्या मुलाने मोबाइलवर तो क्रमांक ई-मायग्रेटच्या यादीत टाकून पाहिला. क्रमांक खरा होता, पण तो दुसऱ्याच एका कंपनीचा निघाला. कारागिराने कार्ड परत घेतले, दोन्ही बाजू नीट वाचल्या आणि गल्ल्याखालच्या चिंध्यांच्या टोपलीत टाकले. मग चहा येईपर्यंत तो नव्या आलेल्या सुटिंगचे तागे बघत बसला.